एक हात खिशात

१

आमच्या घरात भाषेची वाटणी सरळ होती. आत मराठी, दाराबाहेर हिंदी. बाबा भंडाऱ्याकडून जबलपूरच्या फॅक्टरीत लागले त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तिथंच रांझी वस्तीत त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. बाजार हिंदीत, शेजार हिंदीत, फॅक्टरी हिंदीत, पण उंबरठ्याच्या आत पाय पडला की मराठी. आईनं हा नियम कधी मोडला नाही. दारावर घरचं माणूस आहे की बाहेरचं, हे मला आतल्या खोलीत बसून तिच्या बोलण्यावरून कळायचं.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो. आईनं दार अर्धं उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “कहिए भैया, किससे काम है?”

मी हसलो. मला वाटलं गंमत करून राहिली. मग विनता, माझी बायको, स्वयंपाकघरातून आली आणि तिचा चेहरा पाहून मी हसायचं थांबलो.

त्यानंतर आठ महिने आई माझ्याशी हिंदीतच बोलली. अगदी सौजन्यानं, जी लावून. विनताशी मात्र ती मराठीत बोलायची, कारण विनताला ती आपली धाकटी बहीण कुंदा समजे. सकाळची बुद्धवंदना तिला अजून शब्दनशब्द पाठ होती. एकताचं नाव, म्हणजे नागपूरला शिकणाऱ्या माझ्या मुलीचं, कधीकधी आठवायचं. माझं नाही. बावन्न वर्षांचा मुलगा आहे मी, पण खरं सांगतो, एकदा तरी तिनं ‘अश्वजीत’ म्हणावं म्हणून मी जीव टाकत होतो.

२

आईचा सगळा दिवस टीव्हीसमोर जायचा. आमचा टीव्ही जुना, प्लाझ्माचा, चौदा वर्षांपूर्वी घेतलेला. दोघांनी उचलावा इतका जड. बातम्या चालू असत आणि आई खुर्चीत बसून हात मांडीवर ठेवून पाहत राही. काय कळायचं कोण जाणे, पण शांत असायची.

जुलैमधल्या एका रविवारी तो बंद पडला. बटण दाबलं की आत टक् व्हायचं, चित्र क्षणभर यायचं, पुन्हा टक्, आणि काळोख. खालचा लाल दिवा लुकलुकत राहायचा. आई उठली आणि दाराची कडी हलवायला लागली.

“घरी जातो मी,” ती विनताला म्हणाली. “कुंदा, चाल ना. काहून बसून राहिली?”

तीन दिवस हेच. कडी वाजायची आणि आई रडायची. दुरुस्तीवाल्यांना फोन केले, तर प्लाझ्मा म्हटलं की सगळे हसत. आता नवाच घ्या भैया, म्हणे. नवा आणूनही पाहिला, शेजाऱ्यांचा. आईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग मीच मागचं झाकण उघडलं. मी फॅक्टरीत तपासणी विभागात आहे. वस्तू मापात आहे की नाही हे सांगणं माझं काम, आणि विजेचं काम बाबांनी शिकवलेलं. बाबांचा, म्हणजे डोमाजींचा, हात कसा होता ते फॅक्टरीत अजून सांगतात. त्यांचा पहिला धडा एकच होता. जिवंत यंत्रात एकच हात घालायचा आणि दुसरा खिशात ठेवायचा. दोन्ही हात लागले की करंट छातीतून जातो. मी उजव्या हातानं काम करतो, डावा खिशात. आता तो आपोआपच जातो. लग्नाच्या फोटोतसुद्धा माझा डावा हात खिशात आहे.

टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला आणि मी मागे स्टूल टाकून बसलो. मागून पडदा दिसत नाही म्हणून समोर आरसा लावावा लागतो. ही जुनी युक्ती आहे. विनताचा कपाटाचा लांब आरसा काढून समोरच्या खुर्चीला टेकवला. तुकडे एकेक सोडवून पाहिले. पडद्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या दोन पाट्यांपैकी डावीकडची सोडवली की टीव्ही चालू राहायचा, म्हणजे दोष तिच्यातच. कमानिया गेटजवळच्या गल्लीत एका भंगारवाल्याकडे तशीच पाटी मिळाली. गुरुवारी दुपारी ती बसवली, बटण दाबलं, आणि आरशात चित्र आलं. बातम्यांची पट्टी उलट्या अक्षरांत पळत होती.

माझा जीव भांड्यात पडला. आई येऊन आपल्या खुर्चीत बसली.

३

काम झाल्यावर तपासणी करायची, हे माझ्या रक्तात आहे. पेन ड्राइव्हवरून नुसता पांढरा फोटो लावला, म्हणजे पडद्यातले दोष दिसतात. दिसला.

पडद्याच्या मधोमध एक काळपट छाप होती. पुसट, पण होती. डोकं, खांदे, एक हात खाली सुटलेला. दुसरा कोपरात वाकून कमरेपाशी संपलेला.

मी घाबरलो वगैरे नाही. प्लाझ्माचा हा ठरलेला रोग आहे. एकच चित्र तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की तिथला पडदा जास्त थकतो आणि त्या आकाराचा डाग कायमचा बसतो. बातम्या सांगणारा कोणीतरी रोज त्याच जागी उभा राहत असणार. वर्षानुवर्षं. मी विनताला तसं समजावून सांगितलं.

“पण बातम्यावाले हात खिशात घालून कुठं उभे राहतात?” विनता म्हणाली.

तेवढ्यात आई पुढे झुकली. तिनं पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

“अश्वजीत,” ती म्हणाली, “जेवला का रे?”

आठ महिन्यांनी. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. “जेवलो आई,” म्हणालो.

तिनं मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून पलीकडे पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “भैया, थोड़ा बाजू में हो जाइए,” ती म्हणाली. “बेटे से बात कर रही हूँ.”

४

मला त्या डागाचा हेवा वाटला. हसू नका. रोज ड्यूटीवरून यावं आणि आईला त्याच्याशी बोलताना ऐकावं. वांगी आणली का, पायाचं दुखणं कसं हाय, एकताचा फोन आला का. सगळं मराठीत. मी दारात टिफिन घेऊन उभा, आणि ती आपल्या अश्वजीतला सांगतेय, ते टीव्हीवाले भैया आले बघ.

डाग घालवायचा उपाय आहे. पांढरा पडदा दिवसभर लावून ठेवायचा. डाग पुसला जात नाही खरा, बाकीचा पडदा त्याच्याइतका थकतो आणि मग फरक दिसेनासा होतो. मी शनिवारी सकाळी सुरू केलं. आईला आतल्या खोलीत विनतापाशी बसवलं. रविवारी दुपारपर्यंत छाप निम्मी उतरली होती. मला समाधान वाटलं. ते खोटं कशाला सांगू.

आई बाहेर आली, खुर्चीत बसली आणि पडद्यात शोधायला लागली. आधी हळू, मग उभी राहून, हात लावून.

“कुठं गेला?” ती म्हणाली. “आत्ता तर होता. अश्वजीत? रे अश्वजीत?”

मी तिच्या मागे उभा होतो. दोन पावलांवर. ती वळली, माझे हात धरले आणि हिंदीत म्हणाली, भैया, माझा मुलगा हरवलाय, जरा शोधून द्या. त्या आवाजात तिनं मला पूर्वी कधी काही मागितलं नव्हतं.

काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. पडदा पुसून काढायचा, टीव्ही भंगारात द्यायचा, आणि आईला रडू द्यायचं. पण माझं नाव या घरात ती आता फक्त त्याच्यापाशी घेत होती. ते गेलं असतं तर परत आलं नसतं. मी पांढरा पडदा बंद केला.

५

प्रत्येक प्लाझ्मा पडद्याच्या पाठीवर एक चिठ्ठी असते. त्यावर लिहिलेल्या व्होल्टेजवरच तो चालवायचा. आमच्या चिठ्ठीवर एकशे पंच्याऐंशी होतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी चिठ्ठीवरच्या आकड्याबाहेरची वस्तू कधी पास केली नाही. त्या रविवारी मी मागे बसलो, डावा हात खिशात घातला आणि छाप उठून दिसावी म्हणून बारीक पेचकसानं व्होल्टेज वर नेलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. एकशे नव्वद. एकशे ब्याण्णवला आई हसली.

“आला,” ती म्हणाली. “किती वाट पाहायला लावतो रे.”

मी आरशात पाहिलं. बातम्या चालू होत्या आणि त्यांच्यामागे तो उभा होता, आता पांढरा पडदा न लावताही दिसेल इतका. मी समाधानानं पेचकस ठेवला, आणि मग मला ते खटकलं.

समोरून पाहिलं की त्याचा खिशातला हात माझ्या उजव्या बाजूला असायचा. मागे बसून आरशात पाहताना तो डावीकडे दिसायला हवा. बातम्यांची अक्षरं उलटी दिसत होतीच. त्याचा हात मात्र उजवीकडेच होता.

मी उठून समोर गेलो. उजवीकडे. परत मागे आलो, आरशात पाहिलं. उजवीकडे. असं चार वेळा केलं. विनता म्हणाली, “काय फेऱ्या मारून राहिले?” मी म्हणालो, काही नाही, तार पाहतोय.

स्वतःला समजावलं की डाग पुसट असतो, दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. मापात नसलेल्या गोष्टीवर मी एरवी असा शेरा मारला नसता.

६

व्होल्टेज टिकत नव्हतं. तासाभरात खाली सरकायचं, आई अस्वस्थ व्हायची, आणि मला मागे बसून पुन्हा वर न्यावं लागायचं. म्हणून झाकण लावलंच नाही. ड्यूटीवरून आलो की सरळ टीव्हीच्या मागे. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये दोन फुटांची जागा, गरम हवा, आणि पाट्यांचा बारीक गुणगुणता आवाज. तिथूनच मी आईचं बोलणं ऐकायचो. डोळे मिटले की ती माझ्याशीच बोलतेय असं वाटायचं, आणि मी हळूच उत्तरं द्यायचो. तेवढं सुख होतं.

सोमवारी मी छापेच्या कडेनं चिकटपट्टीचे तीन तुकडे लावले. एक डोक्यावर, एक खांद्यावर, एक कोपरावर. काय हलतंय का ते पट्टी सांगेल, मनाला विचारायचं नाही. बुधवारी डोकं आणि खांदा जागच्या जागी होते. कोपर पट्टीच्या बाहेर बोटभर आलं होतं. हात खिशातून निघत होता.

गुरुवारी संध्याकाळी मी मागेच बसलो होतो. विनतानं स्वयंपाकघरातून हाक मारली, “अहो, ताट वाढलं, या.”

“आलो,” मी मागून म्हणालो.

पातेल्यावरचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला. विनता दारात आली आणि वाकून टीव्हीच्या मागे पाहिलं. “तुम्ही इथं केव्हा येऊन बसले?” ती म्हणाली. “आत्ता तर सोफ्यावर होते. मी पाणी देऊन गेली ना तुम्हाला.”

सोफ्यासमोरच्या टीपॉयवर स्टीलचा गिलास होता. अर्धा रिकामा. आईनं प्यायलं असेल, मी म्हणालो. विनता हो म्हणाली. त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

७

आज रविवार. सकाळी वंदना झाली. आईचा आवाज इतका स्वच्छ लागला की विनताच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभर घरात आनंद होता आणि मी तो मागून ऐकत होतो. व्होल्टेज आता मी न हलवताच एकशे शहाण्णववर उभं होतं. पेचकस फिरवून पाहिला, आकडा ढिम्म हलला नाही.

साडेपाचला एकताचा फोन आला, चेहरा दिसतो तो. तिला मराठी समजतं, पण बोलताना ती अडखळते. “मम्मी, टीवी ठीक झाला? पापा कुठे आहेत?”

“हे काय, इथंच बसले आहेत,” विनता म्हणाली.

मी उठणार होतो. हात वर केलाही होता की मी इकडे आहे म्हणून. पण विनतानं टीव्हीच्या मागे पाहिलं नाही. आरशात मला ती दिसली. तिनं फोन पुढे केला, सोफ्याच्या टोकाकडे. आरशाची चौकट तिथेच संपत होती. चौकटीच्या कडेला मला एक गुडघा दिसला, माझ्या करड्या पँटचा. त्यावर ठेवलेला एक हात दिसला. तो हात पांढुरका होता, खूप दिवस उजेड न लागलेल्या जागेसारखा.

पडद्यावर नुसत्या बातम्या होत्या. त्यांच्यामागे कोणी नव्हतं. चिकटपट्टीचे तीन तुकडे रिकाम्या काचेवर चिकटलेले होते.

“पापा, तुम्ही किती छान दिसता आज,” एकता म्हणाली.

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही असं नाही. मला कुणाला हाक मारायची ते सुचलं नाही.

फोन झाल्यावर विनता स्वयंपाकघरात गेली. आमच्याकडे घरची माणसं चहा स्टीलच्या गिलासात घेतात. बाहेरून येणाऱ्याला कप-बशी, घरातली सगळ्यात चांगली. तो बाबांचा नियम. बाहेर आपल्याला कोणत्या वेगळ्या भांड्यात पाणी मिळायचं हे ते विसरले नव्हते. म्हणून आपल्या दारात आलेल्याला उत्तम तेच द्यायचं, मग तो कोणी असो. आईचा, विनताचा आणि आणखी एक, असे तीन गिलास मी वाजताना ऐकले. मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज ऐकला.

विनता टीव्हीच्या मागे वाकली. निळ्या फुलांची कप-बशी तिनं माझ्यासमोर धरली. तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी काहीही वाईट नव्हतं. कौतुकच होतं थोडं, कामाबद्दल.

“लीजिए भैया,” ती म्हणाली. “बहुत देर से लगे हो. और कितना टाइम लगेगा?”

सव्वीस वर्षांचा संसार आहे आमचा. तिच्या आईच्या आजारपणात मी ब्लड द्यायला नागपूरला रात्रभर उभ्यानं गेलो होतो. हे सगळं सांगायचं होतं, मराठीत सांगायचं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, “बस दीदी, हो ही गया.”

८

मीटर आणि मेन स्विच बाहेर व्हरांड्यात आहेत. मी कप खाली ठेवला, भिंतीला घासत बाहेर निघालो. सोफ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. दारातून बाहेर आलो, लाकडी पेटी उघडली आणि उजवा हात मेनच्या दांडीवर ठेवला. डावा खिशात होता. एक झटका द्यायचा, सगळं घर बंद. चार्ज उतरायला दोन मिनिटं. मग ती पाटी उपटून नाल्यात फेकायची. हे मी आधीच करायला हवं होतं. आता तरी करायचं ठरवलं होतं.

“अश्वजीत,” आतून आईनं हाक मारली.

तोच आवाज होता, मी शाळेतून यायचो तेव्हाचा. थोडा रागातला, खूप मायेचा.

“दार लाव ना रे बाबा. मच्छर घुसून राहिले.”

“हो आई,” मी म्हणालो आणि वळलो.

दार माझ्यासमोर बंद होत होतं. घाई नव्हती त्यात, घरचं माणूस लावतं तसं. मग आतली कडी सरकली. ती वर थोडी अडकते, जरा उचलून लावावी लागते. त्यानं ती बरोबर उचलून लावली.

“जेवला का रे?” आई म्हणाली.

आत कोणीतरी हळू आवाजात काही उत्तर दिलं आणि आई हसली. विनताही हसली.

मेनची दांडी अजून माझ्या मुठीत होती. ओढली असती तर आत अंधार झाला असता, आणि त्या अंधारात आई पुन्हा मुलाला शोधायला लागली असती. तिला तो सापडला नसता. मी तर नाहीच.

मी हात काढून घेतला आणि पेटीचं दार लावलं. समोरच्या घरातून श्रीपाद सायकल काढत होते, वीस वर्षांपासूनचे शेजारी. त्यांनी मला पाहिलं, थांबले.

“किससे काम है, भैया?” त्यांनी विचारलं.